गिटारच्या पाठीवरचे ओरखडे

मास्तर, तुमची बेस गिटार माझ्या लातूरच्या दुकानात आहे. तुमच्या लेकीनं आणून दिली. ती रविवारी न्यायला येणार आहे आणि आज शुक्रवार आहे. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि लिहायला मला तसं येतही नाही. सातवीला नापास झालो तिथंच शाळा सुटली. पण मंगळवारपासून एक गोष्ट मला सोडत नाही. भाकरी खाली उतरत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, गप बसा, कुणाला कळतंय. आणि मी खरंच गप बसेन. म्हणून तिला सांगितलं नाही. तुम्ही तसं म्हणणार नाही, एवढं मला माहीत आहे.

नांदेडला देगलूर रस्त्यावरच्या त्या ट्रकबॉडीच्या गॅरेजात मी पहिल्यांदा आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. लोह्याकडून आलो होतो, सुतारकाम थोडं हाताला होतं. तुम्ही रंगारी. तोंडाला फडकं, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, हातात फवाऱ्याची बंदूक. तुम्ही रंगवलेल्या ट्रकच्या फळ्यांत माणसाला आपलं तोंड दिसायचं. मला तुम्ही कामावर ठेवलं ते माझ्या रंध्यामुळं नाही, मी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत होतो ते बघून. पुढं संध्याकाळी तुमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मला न्यायला लागलात. तिथं पेट्या, बेंजो, ढोलकीची खोडं दुरुस्तीला यायची. तुमची गायन पार्टी होती, जयंतीच्या महिन्यात गावोगाव तुमचे कार्यक्रम असायचे, आणि पार्टीत बेस वाजवणारे तुम्ही नांदेडात पहिलेच असाल. तुमच्या बायकोला मी आक्का म्हणायचो, तिचा स्वयंपाक भिंतीच्या पलीकडं. ती तव्यावरून ओरडायची, "अवो, भाकरीला थिनरचा वास येऊन राहिला." तुम्ही इकडून म्हणायचात, "मग चटणीत थिनर जरा कमी टाक." ती मला मुद्दाम दोन भाकरी जास्त वाढायची, तिला भाऊ नव्हता म्हणून. त्यावरूनच तुमची लेक मला मामा म्हणते. आता मला मामा म्हणणारं ते एकच माणूस राहिलं आहे.

एक दिवस मला फार आठवतो. जयंतीला आठ दिवस होते. आपल्या वस्तीत घराघराला चुना लागत होता आणि दरवर्षीप्रमाणं तुम्ही गिटारही रंगवायला काढली होती. वर्षभरात पडलेल्या खड्ड्या-खरचट्यांत लांबी, म्हणजे रंगाआधीची पुटी, भरायची, घासायची, मग गडद लाल रंगाचा नवा हात. लांबी भरायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक ओरखडा माझ्याकडून राहिला. तुम्ही गिटार उन्हात नेली आणि मला बोलावलं.

"हे काय हाय?"

"बारीक हाय, मास्तर. लांबून दिसत न्हाई."

"आपल्याला लोक लांबून बघत्यात व्हय?" तुमचा आवाज चढला नाही, तोच जास्त लागला. "आपलं फाटकं हुडकायला लोक जवळ येऊन बघत्यात. माझ्या बापानं उष्टी कापडं घातली. म्या स्टेजवर बसलो की कापड पांढरं पाहिजे, अन् वाजवायचं कोरं पाहिजे. कळलं का?"

मी हाव म्हणालो. तुम्ही तुमच्या खिशातली लांबीची पत्ती मला देऊन टाकली. करवतीचं पातं घासून तुम्ही स्वतः केलेली, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर. ती अजून माझ्याकडं आहे. रोज वापरतो. कशासाठी वापरतो ते तुम्हाला सांगायला मला लाज वाटते, पण आता सांगावंच लागेल.

मी हल्ली नव्या गिटारी जुन्या करून देतो. तुम्हाला हे पटायचं नाही. मलाही पटलं नव्हतं. उदगीरचा एक ऑर्केस्ट्रावाला, लोखंडी सामानाचं दुकान असलेला चांगला खातापिता माणूस, नवी कोरी बेस घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हिला जुनी करून द्या." मी म्हणालो, "अहो, आजच घेतली ना?" तो म्हणाला, "तेच तर दुखणंय ना. हिच्याकडं बघून कुणी म्हणतंय का मी वीस वर्षं वाजवून राहिलो म्हणून?" त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. परदेशातले वाजवणारे, केस वाढलेले, गिटारचा रंग उडालेला, लाकूड काळं पडलेलं. तिकडं कंपन्याच अशा झिजवून विकतात म्हणे, आणि त्या कोऱ्या गिटारीपेक्षा महाग असतात. मी घाबरत घाबरत केलं. हाताच्या कोपराखालचा रंग खरवडायचा. गरम हवा मारून लगेच थंड करायचं, म्हणजे रंगाला केसासारख्या भेगा पडतात. खिळे-पट्ट्या व्हिनेगर आणि मिठात ठेवायच्या, गंज चढतो. दांड्याला चहाचं पाणी. आणि पाठीवर कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे, ते सगळ्यांना लागतातच. उभं राहून वाजवणाऱ्याच्या पोटावर बक्कल असतं, ते वर्षानुवर्षं गिटारीच्या पाठीला घासतं. माझ्याकडं त्यासाठी पितळेचं एक बक्कल मुद्दाम ठेवलेलं आहे.

हळूहळू नाव झालं. सोलापूर, हैदराबादहून माणसं येतात आणि प्रत्येकाची आवड वेगळी. एकाला वाटतं नुसतं हात फिरल्यासारखं जुनं पाहिजे, जवळून बघितलं तरच कळावं. दुसरा म्हणतो, काका, ट्रकखाली आल्यासारखी दिसू द्या. एकजण दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या उपटून तो सपाट करून घेतो, त्याला सरोदसारखी मींड पाहिजे असते, आणि दुसरा त्याच माणसाला माझ्या दुकानात बसून शिव्या घालतो की चांगल्या वस्तूचं वाटोळं केलंस. अहमदपूरचे एक गुरुजी तर माझं काम बघून उठून गेले. म्हणाले, खोटी झीज दाखवणं म्हणजे खोटं वय सांगून पेन्शन घेण्यासारखं आहे. मी रात्रंदिवस त्या बोलण्याचा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी परत खरवडायला बसलो. हाताला विद्या तुमचीच लागते, मास्तर. कुठं लांबी भरायची हे ज्याला कळतं त्यालाच कुठं खरवडायचं हे कळतं.

मग तुमची लेक आली. सोलापुरी चादरीत गुंडाळलेली गिटार तिनं लेकरासारखी छातीशी धरली होती. ती आता शाळेत मुख्याध्यापिका आहे, केस पांढरे झालेत. म्हणाली, "मामा, फक्त वाजती करून द्या. तारा टाका, खरखर काढा. रंगाला हात लावू नका. पप्पांचा शेवटचा हात आहे तो." यंदाच्या जयंतीला तुमची नात ती वाजवणार आहे. ती पुण्याला नोकरी करते, कॉम्प्युटरची, आणि हौसेनं बेस शिकली. जुन्या पार्टीतले दोघंतिघं अजून आहेत, त्यांच्यासोबत बसणार आहे. मी चादर सोडली तर आतून तुमचा लाल रंग तसाच चकाकला. चोवीस वर्षं कपाटावर राहूनही माझं तोंड त्यात दिसलं.

चार दिवसांनी नातीचा फोन आला. "आजोबा, मी तुमची कामं बघितलीत मोबाइलवर. कसली भारी करता तुम्ही. आमची पण करा ना."

"तुझ्या आईनं न्हाई म्हणून सांगितलंय, माय."

"आईचं मी बघते. अहो, ती एवढी कोरी दिसते की लोक म्हणतील ऑनलाइन मागवली. माझ्या आजोबांनी एवढी वर्षं वाजवली ते दिसायला नको का?" मग ती जे बोलली त्यानं माझा घात केला. म्हणाली, "त्यांचा हात कुठं लागायचा, कुठं झिजायचं, हे तुमच्याशिवाय आता कुणाला माहीत आहे?"

मास्तर, मला ते ऐकून फार बरं वाटलं. खरंच की, मी अठरा वर्षं तुमच्या शेजारी होतो. मी तुमची पत्ती काढली आणि तुमचा रंग खरवडला. लालखाली लाल, त्याखाली परत लाल, मध्ये एक हिरवट थर. ज्या वर्षी गॅरेजात लाल संपला होता त्या वर्षीचा तो. प्रत्येक थर मीच घासलेला. वरच्या कडेला कोपराची झीज केली, अंगठ्याची जागा केली, मग पालथी घालून पाठीवर बक्कलाचे ओरखडे ओढले. आडवे, थोडे तिरपे, एकावर एक, काही जुने काही ताजे वाटतील असे. तीन दिवस जेवणाची शुद्ध नव्हती. फोटो काढून नातीला पाठवला. तिनं लाल बदाम पाठवले, पाच-सहा.

आणि सोमवारी तारा लावायला बसलो. टेबलावर दुसऱ्या कुणाची गिटार उघडून पडली होती, म्हणून खाली चटईवर मांडी घातली आणि तुमची बेस उजव्या मांडीवर घेतली. ती मांडीवर टेकली आणि मला आठवलं. तुम्ही बसून वाजवायचात. गायन पार्टी सगळी बसूनच असते. गादी, वर पांढरी चादर, पुढं पेटी, तुम्ही ढोलकीच्या मागं मांडी घालून. मी अठरा वर्षं तुमच्या डाव्या गुडघ्याशी बसलो आणि एकदाही तुम्हाला उभं राहून वाजवताना बघितलं नाही. आणि पट्टा? तुम्ही जन्मात कमरेला पट्टा बांधला नाही. नाडीचा पायजमा, गॅरेजात तोच, स्टेजवर तोच, फक्त धुतलेला. बक्कल येणार कुठून? मांडी लागायची ती खालची कड मी नखानं वाजवून बघितली. बद्द आवाज आला. ती सगळी लांबीच होती. दरवर्षी तिथंच लाकूड दबायचं आणि दरवर्षी तिथंच मी भरायचो, माझ्या हातानं. ती एक जागा तेवढी मी खरवडताना सोडून दिली होती.

मला भीती कसली वाटते ते नीट सांगतो. चूक कामात होते, पुसता येते. पण खरवडताना माझ्या डोळ्यांपुढं तुम्ही उभे होता, मास्तर. स्वच्छ दिसत होता. त्या मोबाइलमधल्या माणसांनी तुम्हाला उठवून तुमच्या जागी स्वतःला उभं केलं आणि मला पत्ताही लागला नाही. त्या दिवसापासून मी एकेक गोष्ट तपासून बघतो आहे. आक्काच्या चुलीचं तोंड कुठल्या दिशेला होतं. तुमची चाळीशी कुठल्या कानाला वाकडी होती. गॅस बंद केला का हे बघायला तीनदा उठतो, तसं. काही आठवतं आणि लगेच शंका येते की हे खरंच होतं, का मीच खरवडून काढलं.

मंगळवारी तुमच्या लेकीचा फोन आला. नातीनं तिला फोटो पाठवला होता, आपणच करायला लावलं हे मात्र सांगितलं नव्हतं. मी शिव्या खायची तयारी केली होती. ती हळू बोलली. "मामा, पप्पांनी कधी पट्टा बांधला होता का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "त्या खुणा आधीच्याच हायत. तारा बदलताना पुढंमागं रंगाचे पोपडे निघाले, त्यांच्याखाली हुत्या."

  ती म्हणाली, "आई सांगायची, लग्नाआधी पप्पा दोन वर्षं हैदराबादला होते. काय करत होते ते कधी बोलले नाहीत. म्हणजे तिथं हॉटेलात वगैरे वाजवत असतील, मामा. पँट-शर्ट घालून. उभे राहून."

"असंल," मी म्हणालो.

हैदराबादला तुम्ही काय करत होता ते मला माहीत आहे. तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं. रंगाचे डबे वाहत होता आणि उभ्या ट्रकांच्या खाली झोपत होता, आणि एकदा तुमच्यावर चोरीचा आळ घेऊन तुम्हाला सगळ्यांपुढं कपडे काढायला लावले होते. गिटार तर तुम्ही पुढं नांदेडात घेतली, एका मोडलेल्या बँडवाल्याकडून. म्हणजे मी एका शब्दानं तुमची ती दोन वर्षं पुसून तिथं हॉटेल बांधलं. आणि ती त्या हॉटेलात तुम्हाला बघायला रविवारी येते आहे. कालपासून मी दोनदा लाल रंग कालवला. एक हात मारला की सगळं झाकलं जाईल, आणि झाकायचं तुम्हीच शिकवलंत. पण तिनं फोटो बघितलाय. तोंडानं सांगायला गेलो तर परत असंच काहीतरी वेगळं निघेल, माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून हे लिहिलं. गिटारच्या पाठीला एक झाकण असतं, चार स्क्रूंचं, आत तारांच्या जोडण्या असतात. हे कागद घडी करून तिथं ठेवतो. नात कॉम्प्युटरवाली आहे, आज ना उद्या ती उघडून बघेलच. मग मी असेन नसेन.

रविवार, दुपार. शेवटच्या पानाच्या मागं लिहितो आहे.

ती अकराच्या एसटीनं आली. पाणीसुद्धा प्यायली नाही, आधी गिटार पालथी घातली. ओरखड्यांवरून एक बोट फिरवलं, हळू, तापलेल्या कपाळावरून फिरवावं तसं. "इथं बक्कल लागलं असणार," म्हणाली आणि हसली. हसताना थेट आक्का. मला ते बघवेना. मी म्हणालो, "बाई, इकडं बस, तुला एक दाखवतो." खाली मांडी घातली, गिटार घेतली आणि मांडीखालची ती भरलेली कड दाखवली. वाजवून दाखवली. "हे खरं हाय बघ. हितं त्यांची मांडी लागायची. दरसाल म्याच भरायचो."

ती म्हणाली, "ते मला माहीत आहे हो मामा. ते पप्पा मी रोजच बघितलेत. हे नव्हते बघितले." आणि परत पालथी घातली.

"बाई, एक सांगायचंय."

"काय?"

"तारा नव्या हायत. पहिल्या आठवड्यात उतरतील. परत चढवून घ्यायला सांग पोरीला."

"सांगते," ती म्हणाली, आणि लेकीला फोन लावायला बाहेर ओट्यावर गेली. बाहेरून तिचा आवाज येत होता, अगं, तुझे आजोबा हैदराबादला काय ऐटीत असतील. पोरीनंही तिकडून खरं सांगितलं नसावं. मी घाईनं पाठीचं झाकण उघडलं. कागद शर्टाच्या खिशात. पहिला स्क्रू दोनदा खाली पडला. आणि तरी, तुम्हाला सांगतो, पाठीवरच्या त्या ओरखड्यांवर उजेड पडला होता आणि माझ्या मनात आलं की काम फार बेमालूम झालंय. पोटच्या लेकीला ओळखू आलं नाही. त्या क्षणी मला भीती वाटली नाही. आता वाटते आहे, त्या क्षणाचीच जास्त.

तिला बसस्टँडवर सोडून आलो. खिडकीतून तिनं हात केला, गिटार मांडीवर उभी धरून. परत येताना रिक्षात मी स्वतःला सांगत होतो की झाकणाखाली जागाच नव्हती, जोडण्यांचं वेटोळं केवढं मोठं, कागद दबला असता, आवाजात खरखर आली असती. घरी येऊन पहिलं पान परत वाचलं. कागद माझ्या खिशातच आहेत, घामानं जरा ओले झालेत. मास्तर, जागा होती. मी बोट घालून बघितलं होतं.